डार्विनचा अडलेला हिशेब

१८६७ च्या जून महिन्यात ‘नॉर्थ ब्रिटिश रिव्ह्यू’ नावाच्या नियतकालिकात चार्ल्स डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथाचं एक परीक्षण आलं. लिहिणारा फ्लीमिंग जेन्किन जीवशास्त्रातला नव्हता. समुद्राच्या तळाशी तारयंत्राच्या केबल टाकणारा तो इंजिनिअर. पण त्याने ज्या जागी बोट ठेवलं, ती जागा खरोखरच कच्ची होती.

डार्विनचं म्हणणं थोडक्यात असं: एकाच जातीच्या प्राण्यांत लहानमोठे फरक असतात. ज्याला आपल्या फरकाचा फायदा होतो तो जास्त जगतो, त्याला जास्त पिल्लं होतात, आणि तो फरक पुढे पसरतो. याला त्याने नैसर्गिक निवड म्हटलं. जेन्किनने विचारलं, पसरतो कसा? त्या काळी सगळ्यांची, डार्विनचीही, समजूत होती की आईबापांचे गुण मुलात मिसळून जातात. पांढऱ्या रंगाच्या पिंपात निळ्याचा एक थेंब टाकावा तसं. एखादा प्राणी फार उपयोगी गुण घेऊन जन्मला, तरी त्याला जोडीदार साधाच मिळणार. मुलांत तो गुण निम्मा, नातवंडांत पाव, पतवंडांत आठवा हिस्सा. निवड आपलं काम सुरू करायच्या आत गुणच विरून जाणार.

डार्विनला हा आक्षेप लागला. १८६८ मध्ये त्याने आनुवंशिकतेची स्वतःची कल्पना मांडली. शरीराचा प्रत्येक भाग सूक्ष्म कण सोडतो, ते जननेंद्रियांत गोळा होतात आणि मुलात उतरतात, अशी ती कल्पना होती. त्याचा सावत्र आतेभाऊ फ्रान्सिस गाल्टन याने एका रंगाच्या सशांचं रक्त दुसऱ्या रंगाच्या सशांत चढवून पाहिलं. पिल्लांच्या रंगात काही फरक पडला नाही. कल्पना तिथेच लंगडी पडली.

मला या सगळ्यात सर्वात जास्त चुटपुट लावणारी गोष्ट दुसरीच आहे. त्याच १८६८ च्या ग्रंथात डार्विनने आपल्या बागेतल्या एका प्रयोगाचे आकडे दिले आहेत. आपल्याकडच्या नर्सरीत डॉग फ्लॉवर म्हणून मिळणारं अँटिरहिनम घेऊन त्याने साध्या फुलाचं आणि वेगळ्या घडणीच्या फुलाचं झाड यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी फुलं साधी आली. त्या झाडांच्या बियांपासून १२७ रोपं वाढवली, तर ८८ साधी, ३७ वेगळ्या घडणीची आणि २ अधलीमधली निघाली. हरवलेला गुण अख्खाच्या अख्खा परत आला होता. मिसळून गेला असता तर येताच ना. जेन्किनचं उत्तर डार्विनच्याच वहीत होतं, पण त्याने त्या आकड्यांकडे प्रमाण म्हणून पाहिलं नाही.

तसं पाहणारा माणूस ब्रनो शहरातल्या मठात होता. ग्रेगोर मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे २८,००० झाडं वाढवली, सात गुण निवडले आणि दाणे मोजले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा: प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक घटक दुसऱ्याला झाकू शकतो, पण पुसू शकत नाही. पुढच्या पिढीत तो जसाच्या तसा बाहेर पडतो. या घटकांना आज आपण जनुकं म्हणतो. १८६६ मध्ये त्याचा निबंध छापला गेला. त्याचं मोल कुणाला कळलं नाही, आणि १८८४ मध्ये मेंडेल गेला. १९०० मध्ये ह्यूगो द व्हरीस, कार्ल कोरेन्स आणि एरिक फॉन चेरमाक यांच्या कामातून तो पुन्हा वर आला.

मेंडेल सापडल्यावर डार्विनचा प्रश्न लगेच सुटला असेल असं वाटतं. झालं उलटं. इंग्लंडमध्ये दोन तट पडले आणि पंधरावीस वर्षं ते एकमेकांशी भांडत राहिले. एका बाजूला विल्यम बेटसन होता, मेंडेलचा कडवा पुरस्कर्ता. त्याच्या मते गुण तुटक असतात. दाणा गोल असतो नाही तर सुरकुतलेला, त्यामुळे उत्क्रांतीही उड्या मारतच होत असणार. दुसऱ्या बाजूला कार्ल पिअर्सन आणि डब्ल्यू. एफ. आर. वेल्डन होते. त्यांनी माणसांची उंची, खेकड्यांच्या कवचाची मापं अशी हजारो मोजमापं घेतली होती. त्यांना दिसत होते सलग, बारीक बारीक फरक. माणसं काही फक्त उंच आणि बुटकी अशा दोन गटांत विभागलेली नसतात. त्यामुळे त्यांच्या मते डार्विन बरोबर होता आणि मेंडेलचे नियम वाटाण्यापुरते. बेटसन आणि वेल्डन तरुणपणी केंब्रिजमधले मित्र होते, ते या वादात एकमेकांना दुरावले. १९०६ मध्ये वेल्डन अकाली गेला, तेव्हाही वाद तसाच पेटलेला होता.

ही कोंडी सुटली ती गणिताने. सूक्ष्मदर्शकातून काही नवं दिसलं म्हणून नव्हे. प्रश्न विचारण्याची जागा बदलली. ‘या जोडप्याला कशी मुलं होतील’ याऐवजी ‘या सगळ्या समूहात या जनुकाच्या किती प्रती आहेत, आणि पुढच्या पिढीत किती असतील’ असं विचारायला सुरुवात झाली. उत्क्रांतीचं जनुकशास्त्र सुरू होतं ते इथून.

पहिलं पाऊल फार साधं होतं. केंब्रिजमधला बेटसनचा सहकारी रेजिनाल्ड पनेट एका अडचणीत होता. प्रभावी जनुक दुसऱ्याला झाकतं, तर मग कालांतराने सगळा समाज त्याच गुणाचा का होत नाही? हा प्रश्न त्याने आपल्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्या गणितज्ञ जी. एच. हार्डीसमोर ठेवला. (सहा वर्षांनी रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारा हार्डी तो हाच.) हार्डीने १९०८ मध्ये ‘सायन्स’ला एक छोटं पत्र लिहून उत्तर दिलं. त्याच वर्षी, त्याच्या काही महिने आधी, स्टुटगार्टमधला डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता.

हे उत्तर शंभर माणसांवर ताडून पाहू. प्रत्येकात एका जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण २०० प्रती. समजा त्यातल्या १८० प्रती नेहमीच्या आहेत आणि २० वेगळ्या. लग्नं या जनुकाचा विचार न करता होत असतील, तर शंभरातल्या ८१ जणांकडे दोन्ही प्रती नेहमीच्या असतील, १८ जणांकडे एक-एक, आणि एकाकडे दोन्ही वेगळ्या. पुढच्या पिढीतही हेच, त्याच्या पुढच्या पिढीतही हेच. झाकलं जाणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. जेन्किनने दाखवलेला ‘विरून जाण्याचा’ धोका इथे संपला. आता कुठल्याही समूहात हे प्रमाण बदललं, तर त्याला काहीतरी कारण असलं पाहिजे: निवड, नवं उत्परिवर्तन (म्हणजे जनुकातच झालेला बदल), बाहेरून आलेली माणसं, नाही तर निव्वळ योगायोग. ८१, १८ आणि १ हे आकडे लक्षात ठेवावेत, पुढे ते पुन्हा लागतील.

दुसरं पाऊल रोनाल्ड फिशरचं. त्याची नजर इतकी अधू होती की तो गणितं डोक्यातच मांडायला शिकला होता. त्याने विचारलं, उंचीसारखा गुण एका जनुकावर अवलंबून नसून अनेक जनुकांवर अवलंबून असेल तर? प्रत्येक जनुक मेंडेलच्याच नियमाने चालणार, पण त्याचा वाटा अगदी थोडा. नुसती दहा जनुकं, प्रत्येकाची दोन रूपं असं धरलं, तरी ५९,०४९ वेगवेगळे संच होतात. त्यावर खाणंपिणं आणि आजारपण यांचा परिणाम चढला की तुटकपणा दिसेनासा होतो आणि पिअर्सनला दिसत होती तशी सलग चढण तयार होते. म्हणजे दोन्ही तट बरोबर होते. १९१६ मध्ये हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला, तेव्हा तो तपासायला दिला होता पिअर्सन आणि पनेट यांच्याकडे, दोन तटांतल्या एकेकाकडे. दोघांपैकी कुणीही तो उचलून धरला नाही. शेवटी १९१८ मध्ये तो एडिंबराहून छापला गेला, आणि त्यासाठी मदत करणारा माणूस होता लेनर्ड डार्विन, चार्ल्स डार्विनचा मुलगा.

दरम्यान अमेरिकेत थॉमस हंट मॉर्गनच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर काम चाललं होतं. जनुकं गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात हे तिथे सिद्ध झालं. १९१३ मध्ये त्याचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने जनुकांचा पहिला नकाशा काढला. १९२७ मध्ये हर्मन मलरने क्ष-किरणांनी जनुकं बदलून दाखवली. त्या कामाचा इतिहास स्वतंत्र लेखाचा आहे.

माझा जीव अडकतो तो जे. बी. एस. हाल्डेनमध्ये. लहानपणी त्याने बहीण नेओमी हिच्याबरोबर गिनीपिग पाळून मेंडेलचे नियम तपासले. उंदरांतली दोन जनुकं जोडीने वारशात जातात हे दाखवणारा त्याचा निबंध १९१५ मध्ये आला, तेव्हा तो स्वतः युद्धाच्या खंदकात होता आणि निबंधाचा एक सहलेखक युद्धात मारला गेला होता. १९२४ पासून त्याने निवडीचं गणित मांडणारी निबंधमाला सुरू केली. त्यातलं पतंगाचं उदाहरण प्रसिद्ध आहे.

पेपर्ड मॉथ हा इंग्लंडमधला पतंग मूळचा पांढरट, अंगावर काळे ठिपके असलेला. १८४८ मध्ये मँचेस्टरला एक संपूर्ण काळा पतंग नोंदला गेला. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडं काळी पडत गेली, आणि सुमारे पन्नास वर्षांत त्या भागातले जवळजवळ सगळे पतंग काळे झाले. वर्षाला एक पिढी. हाल्डेनने हिशेब केला की इतक्या पिढ्यांत एवढा बदल व्हायला काळ्या पतंगांची संतती पांढऱ्यांपेक्षा निदान दीडपट टिकली पाहिजे. इतकी कडक निवड निसर्गात चालत असेल असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं. बर्नार्ड केटलवेलने १९५० च्या दशकात दाखवलं की पक्षी उठून दिसणारे पतंग आधी टिपतात. त्याच्या पद्धतीवर पुढे आक्षेप आले. म्हणून मायकेल मॅजेरस याने केंब्रिजला सहा-सात वर्षं घालवून ४,८६४ पतंग सोडले आणि तपासले. निष्कर्ष तोच निघाला, पण तो छापून आला २०१२ मध्ये, मॅजेरसच्या मृत्यूनंतर. २०१६ मध्ये काळ्या रंगाचं मूळही सापडलं: ‘कॉर्टेक्स’ नावाच्या जनुकात घुसलेला, जागा बदलू शकणारा डीएनएचा एक तुकडा. तो साधारण १८१९ च्या सुमारास घुसला असावा असा अंदाज आहे. हवा स्वच्छ झाल्यावर काळे पतंग पुन्हा मागे पडले, तेव्हा ज्या रंगाने त्यांना वाचवलं होतं त्यानेच त्यांना उघडं पाडलं.

याच हाल्डेनने १९२७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, ती ऐकून माणूस थबकतो. एखाद्या नव्या जनुकाने एक टक्का फायदा होत असेल, तरी ते समूहात टिकण्याची शक्यता फक्त दोन टक्के असते. शंभरातली अठ्ठ्याण्णव उपयोगी उत्परिवर्तनं पहिल्या काही पिढ्यांतच निव्वळ योगायोगाने नाहीशी होतात. कुणाला मूलच होत नाही, कुणी पुरात वाहून जातो, कुणाच्या मुलांत नेमकी दुसरी प्रत उतरते. अमेरिकेतल्या स्यूल राइटने या योगायोगाला उत्क्रांतीत मोठं स्थान दिलं. लहान समूहात जनुकांचं प्रमाण काही कारण नसतानाही वरखाली होतं, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. फिशरला हे पटत नव्हतं, आणि दोघांचं वैर शेवटपर्यंत राहिलं. पण फिशर, हाल्डेन आणि राइट या तिघांच्या कामावरच पुढची इमारत उभी राहिली. मूळचा युक्रेनमधला थिओडोसियस डोब्झान्स्की अमेरिकेत जाऊन राहिला आणि त्याने हे गणित रानातल्या माश्यांवर पडताळलं. जे जनुकशास्त्रज्ञ सोव्हिएत रशियात राहिले त्यांचे हाल झाले. सर्गेई चेतवेरिकोव्हला १९२९ मध्ये अटक झाली, निकोलाय वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मेला.

हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. पुढे तो भारताचा नागरिक झाला, भुवनेश्वरला गेला आणि १ डिसेंबर १९६४ रोजी तिथेच वारला. बेटसन आणि पनेट यांनी १९१० मध्ये सुरू केलेलं ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ तो आपल्याबरोबर घेऊन आला होता. ते आज बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसकडून निघतं. १९६३ मध्ये त्याने आणि सुरेश जयकर यांनी दाखवलं की परिस्थिती पिढीगणिक बदलत असेल, तर एका जनुकाची दोन्ही रूपं समूहात टिकून राहू शकतात. एका साली जे उपयोगी, दुसऱ्या साली तेच नडतं.

त्याच्या दुसऱ्या एका हिशेबाला अनपेक्षित फळ आलं. १९५७ मध्ये त्याने मांडलं की एक जनुक बदलून दुसरं सगळ्या समूहात बसवायला निवडीला साधारण ३०० पिढ्या लागतात. प्रत्येक बदलासाठी मरणांची किंमत मोजावी लागते. जपानच्या मोटो किमुरा याने प्रथिनांची तुलना केली, तर बदल त्याहून कितीतरी वेगाने झालेले दिसले. १९६८ मध्ये त्याने निष्कर्ष काढला की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना चांगले असतात ना वाईट. ते योगायोगानेच पसरतात. त्याची सहकारी टोमोको ओहता यांनी किंचित अपायकारक बदलांचाही हिशेब त्यात घेतला.

आता या शास्त्राच्या काळ्या बाजूकडे येऊ. ती टाळता येत नाही. गाल्टन, पिअर्सन आणि फिशर तिघेही ‘चांगल्या’ वंशाच्या लोकांनी जास्त मुलं होऊ द्यावीत आणि ‘हीन’ लोकांनी होऊ देऊ नयेत, या विचाराचे होते. जर्मनीत १९३३ च्या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. हा विचार क्रूर तर होताच, आणि याच शास्त्राच्या गणिताने तो खोटाही ठरतो. दहा हजारांत एकाला होणारा अप्रभावी आजार घ्या, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच होणारा. एका रुग्णामागे सुमारे १९८ वाहक असतात, म्हणजे एकच बिघडलेली प्रत असलेले, धडधाकट आणि अनभिज्ञ. प्रत्येक रुग्णाला मुलं होऊ दिली नाहीत, तरी त्या जनुकाचं प्रमाण निम्म्यावर यायला शंभर पिढ्या लागतील. म्हणजे अडीच हजार वर्षं.

या ठिकाणी इरावती कर्वे यांची आठवण होते. त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर याच्याकडे पीएच.डी. करत होत्या. (हा फिशर वेगळा, नाझी वंशवादाला शास्त्राचा मुलामा देणारा.) गोऱ्या लोकांच्या कवटीची ठेवण वेगळी असते आणि त्यावरून त्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते, अशी त्याची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा तिथे काही संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. मार्गदर्शकाच्या तोंडावर, परक्या देशात, विशीतल्या मराठी बाईने. १९७२ मध्ये रिचर्ड लेवोन्टिनने रक्तातल्या प्रथिनांवरून दाखवलं की माणसामाणसांतले सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक एकाच समाजाच्या आत असतात. वंशांमध्ये वाटले जातात ते उरलेल्यातले थोडे.

जनुक ‘चांगलं’ की ‘वाईट’ हा प्रश्न किती अपुरा आहे, हे सिकलसेलइतकं कशातूनच कळत नाही. विदर्भात आणि सातपुड्यात हा आजार घराघरांत माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातलं सहावं बदललं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, असह्य वेदना होतात. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तो एसएस, म्हणजे रुग्ण. एकच असेल तो एएस, म्हणजे वाहक. एवढं घातक जनुक निवडीने काढून कसं टाकलं नाही? १९४९ मध्ये हाल्डेनने थॅलेसेमियाबद्दल (हाही हिमोग्लोबिनचाच आनुवंशिक आजार) सुचवलं होतं की वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावं. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसनने पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत तेच दाखवून दिलं.

मघाचे आकडे घ्या: ८१ नेहमीचे, १८ वाहक, १ रुग्ण. समजा मलेरिया ८१ पैकी ९ जणांना नेतो, सिकलसेल त्या एकाला नेतो, आणि १८ वाहक सगळे वाचतात. नेहमीच्या १८० प्रतींपैकी १८ गेल्या. सिकलसेलच्या २० प्रतींपैकी २ गेल्या. दोन्हींचा दहावा हिस्सा. प्रमाण जसंच्या तसं राहिलं. त्या जनुकाची किंमत रुग्णाने मोजली आणि फायदा वाहकाला झाला, पिढ्यानपिढ्या. ज्या पूर्वजांमुळे आज एखाद्या माडिया किंवा पावरा आदिवासी घरात हे जनुक आहे, ते पूर्वज मलेरियाच्या जंगलात तगले, त्यात या जनुकाचाही हात आहे. म्हणून वाहक मुलीकडे ‘दोष असलेली’ म्हणून पाहणं मला सहन होत नाही.

मलेरिया हटला तर? तेव्हा वाहकांचा फायदा संपेल आणि जनुक ओसरू लागेल, पण फार सावकाश. वरच्याच आकड्यांत त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला दहा पिढ्या लागतील, म्हणजे अडीचशे वर्षं. आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया आजही आहे. तोवर रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेळेवर मिळणं महत्त्वाचं. जनुकात दुरुस्ती करणाऱ्या पहिल्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये परवानगी मिळाली, पण त्याची किंमत अजून आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या आवाक्याबाहेर आहे. भारताची सिकलसेल निर्मूलन मोहीमही त्याच वर्षी सुरू झाली आणि तिचा भर तपासणीवर आहे. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. एक एएस आणि दुसरा एए (दोन्ही प्रती नेहमीच्या) असेल तर एसएस मूल होत नाही, लग्न मोडायचं काही कारण नाही. फक्त जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक आहे का हेही त्याच वेळी तपासून घ्यावं, कारण त्या दोन जनुकांची गाठ पडली तरी मुलाला सिकलसेलसारखाच आजार होतो.